रिकॉलचं पत्र आधीच्या मालकाच्या पत्त्यावर आलं, तर?

प्रश्न : आम्ही २०२२ मध्ये ओळखीतून एक पेट्रोल हॅचबॅक घेतली, २०२० ची. गेल्या पावसाळ्यापासून ती तीनदा चालता चालता बंद पडली, त्यातली एकदा गगनबावड्याच्या पुढे करूळ घाटात. उद्यमनगरातल्या मिस्त्रींनी प्लग बदलले, थ्रॉटल बॉडी साफ केली, शेवटी बॅटरीही बदलायला लावली. गेल्या आठवड्यात आधीच्या मालकांचा फोन आला, की कंपनीचं पत्र आलंय, या गाडीचा फ्युएल पंप फुकट बदलून मिळणार. शोरूमवाले म्हणतात पार्ट शिल्लक नाही, सहा आठवडे थांबा. मिस्त्री म्हणतात, "काय होत न्हाई वहिनी, बाजारातला पंप टाकतो, बिनधास्त चालवा." माझे मिस्टर शिरोली एमआयडीसीत फौंड्रीत क्वालिटीला आहेत. त्यांचं म्हणणं, कंपनीला हे कधीचंच माहीत असणार. माणसं मेली तर किती द्यावे लागतील आणि पंप बदलले तर किती जातील, हा हिशेब करूनच गप्प बसले असतील. खरंच असा हिशेब करतात का? आणि आम्ही आता काय करायचं? दर महिन्याला कणकवलीला माहेरी जावं लागतं.
(एक वाचक, राजारामपुरी, कोल्हापूर. गाडीच्या कंपनीचं नाव पत्रात होतं, ते इथे छापलेलं नाही.)

उत्तर :

ताई, आधी तातडीचं सांगतो. पंप बदलून होईपर्यंत ही गाडी घाटात घालू नका. करूळ नको, फोंडा नको, आंबा नको. जोतिबाचा चढसुद्धा टाळा. कणकवलीला सहा आठवडे एसटीने जा. गावात, कमी वेगात, डाव्या बाजूने चालवायला हरकत नाही, पण पुणे-बंगळूर हायवेवर ऐंशीच्या वेगात ट्रकच्या पुढे इंजिन बंद पडणं म्हणजे काय, हे वेगळं सांगायला नको. आणि मिस्त्रींना पंप उघडू देऊ नका. त्याची कारणं पुढे देतो.

रिकॉल म्हणजे दोष निघाल्यामुळे कंपनीने गाड्या फुकट दुरुस्तीसाठी परत बोलावणं. रिकॉल निघालेल्या सगळ्याच गाड्या ताबडतोब उभ्या कराव्या लागत नाहीत. पेट्रोलचा वास, आग लागण्याची शक्यता, ब्रेक, स्टीअरिंग किंवा एअरबॅग फुटून धातूचे तुकडे उडण्याचा दोष असेल तर गाडी जागेवरून हलवायची नाही, कंपनीकडून टोइंग मागायचं. इंजिन बंद पडण्याचा दोष त्याच्या एक पायरी खाली येतो. तुमची गाडी तीनदा प्रत्यक्ष बंद पडली आहे, त्यामुळे मी तिला वरच्या पायरीच्या जवळ धरेन.

पंपात काय होतं ते समजून घ्या, म्हणजे प्लग आणि बॅटरीवर गेलेले पैसे का वाया गेले ते कळेल. तुमच्या गाडीचा नेमका दोष कंपनीच्या पत्रात लिहिलेला असतो. ते पत्र आधीच्या मालकांकडून व्हॉट्सॲपवर फोटो काढून मागवा. गेल्या काही वर्षांत जगभर ज्या पंपामुळे लाखो गाड्या परत बोलवाव्या लागल्या, त्या डेन्सो या जपानी पार्ट कंपनीच्या पंपातला दोष असा होता : पेट्रोल ढकलणारं प्लॅस्टिकचं चक्र, म्हणजे इम्पेलर, कमी घनतेचं झालं होतं. ते पेट्रोल शोषून घेतं, फुगतं, वाकतं आणि पंपाच्या आतल्या भिंतीला घासायला लागतं. घर्षण वाढलं की पंप मंदावतो किंवा अडकतो, पेट्रोलचा दाब पडतो आणि इंजिन विझतं. थोडा वेळ गाडी उभी राहिली, पंप गार झाला, की पुन्हा चालू. म्हणून गॅरेजमध्ये नेली की गाडी ठणठणीत दिसते. गेजवर दाब बरोबर आला म्हणून पंप चांगला, असं या दोषात म्हणता येत नाही.

घरच्या घरी एक गोष्ट करता येते. इंजिन सुरू न करता किल्ली ‘ऑन’ला फिरवा आणि मागच्या सीटजवळ कान द्या. दोन-एक सेकंद बारीक गुणगुण ऐकू आली पाहिजे. तो पंप दाब भरून घेत असतो. आवाज आला नाही, खरखरीत आला, किंवा आज आला आणि उद्या नाही, तर तारीख लिहून ठेवा आणि मोबाइलवर आवाज रेकॉर्ड करा. दुसरं, टाकी पाव भागाच्या खाली जाऊ देऊ नका. पंप टाकीतच बुडालेला असतो आणि भोवतीचं पेट्रोलच त्याला गार ठेवतं. दोनशे-दोनशेचं पेट्रोल भरत रिझर्व्हवर फिरण्याची सवय या गाडीत तरी सोडा.

चालत्या गाडीत इंजिन बंद पडलंच, तर :

किल्ली काढायची नाही आणि ‘ऑफ’लाही न्यायची नाही. काढली तर स्टीअरिंग लॉक बसू शकतं आणि ‘ऑफ’ केली तर एअरबॅगचा पुरवठा तुटतो. स्टीअरिंग जड होईल, पण वळतं. दोन्ही हातांनी जोर लावा. ब्रेक बूस्टरमध्ये, म्हणजे पायाच्या जोराला मदत करणाऱ्या डब्यात, दोन-तीन दाबांपुरतीच हवेची पोकळी शिल्लक असते, म्हणून पेडल एकदाच घट्ट दाबून धरायचं, पुन्हा पुन्हा मारायचं नाही. चूक इथेच होते : माणूस घाबरून चार वेळा ब्रेक मारतो आणि पाचव्या वेळी पेडल दगडासारखं लागतं. तेव्हाही ब्रेक लागतो, फक्त पायाची सगळी ताकद घालावी लागते. उतारावर असाल तर गाडी गिअरमध्येच राहू द्या, म्हणजे चाकांना इंजिनाचा अडसर मिळतो. थांबायच्या अगदी जवळ आल्यावर क्लच दाबा. हॅझर्ड लावा, हँडब्रेक ओढा, चाकाखाली दगड ठेवा, माणसं रस्त्याच्या बाहेर डोंगराच्या बाजूला उभी करा, आणि मग पाठीमागे त्रिकोण. सुरू करताना किल्ली ‘ऑन’ करून तीन सेकंद थांबा, मग स्टार्टर.

आता मिस्टरांच्या प्रश्नाकडे येतो. असा हिशेब करतात का? हो, करतात. उघडपणे करतात, सरकारंही करतात. अमेरिकेच्या वाहतूक खात्याने २०२३ साठी एका माणसाचा मृत्यू टळण्याची किंमत १ कोटी ३२ लाख डॉलर धरली होती, आणि नवा नियम आणायचा की नाही हे त्या आकड्याशी ताडून पाहिलं जातं. यात मला स्वतःला पाप दिसत नाही. प्रत्येक गाडीला रणगाड्याइतकी मजबूत करायची तर ती कुणालाच परवडणार नाही. कुठेतरी रेघ ओढावीच लागते. घोटाळा होतो तो हिशेबाच्या पाटीवर कोणते आकडे चढतात आणि कोणते चढतच नाहीत, यात.

या विषयावरचा सगळ्यात गाजलेला कागद फोर्डचा आहे. १९७० मध्ये आलेल्या पिंटो या छोट्या गाडीची पेट्रोल टाकी मागच्या ॲक्सलच्या पाठीमागे होती. मागून धडक बसली की टाकी पुढे दाबली जायची, डिफरन्शियलच्या, म्हणजे मागच्या चाकांना ताकद वाटून देणाऱ्या गिअरपेटीच्या, बोल्टांवर आपटून फाटायची, आणि पेट्रोल भरायची नळी टाकीतून निसटायची. गाडी बाजारात आणण्याची घाई एवढी होती, की डिझाइन पक्कं होण्याआधीच डाय, म्हणजे साचे, बनवायला टाकले होते. डाय तयार झाल्यावर ड्रॉइंगमधल्या बदलाला काय भाव पडतो, हे शिरोलीत काम करणाऱ्या माणसाला सांगावं लागणार नाही.

१९७३ च्या सुमारास फोर्डच्या अभियंत्यांनी एक तक्ता मांडला. एका गाडीच्या सुधारणेला ११ डॉलर, गाड्या आणि हलके ट्रक मिळून सव्वा कोटी, म्हणजे खर्च १३ कोटी ७० लाख डॉलर. दुसऱ्या बाजूला काय वाचणार? १८० मृत्यू, दर मृत्यू २ लाख डॉलर. १८० गंभीर भाजलेले, दर माणशी ६७ हजार. २,१०० जळालेल्या गाड्या, दर गाडी ७०० डॉलर. बेरीज ४ कोटी ९५ लाख. म्हणजे दुरुस्ती परवडत नाही.

हा तक्ता सांगताना लोक दोन गोष्टी वगळतात. एक, तो फक्त पिंटोचा नव्हता आणि मागून बसणाऱ्या धडकेचाही नव्हता. गाडी उलटली तर पेट्रोल गळू नये, या प्रस्तावित नियमाला विरोध करण्यासाठी तो अमेरिकेतल्या सगळ्या गाड्यांसाठी मांडून सरकारला दिलेला होता. दोन, मृत्यूची २ लाखांची किंमत फोर्डने ठरवली नव्हती, ती सरकारच्या महामार्ग सुरक्षा खात्याच्याच आकड्यावरून घेतली होती. म्हणून फोर्ड निर्दोष ठरते का? नाही. तक्ता नीट पाहा : जितके मेले तितकेच भाजले, असं धरलंय. लागलेली आग एका भाजलेल्या माणसामागे एक मृत्यू असा हिशेब ठेवून थांबते का? आणि कोर्टात हरलो तर काय, नाव गेलं तर काय, याचा रकाना त्यात नाहीच. १९७८ मध्ये कॅलिफोर्नियातल्या ज्यूरीने एका भाजलेल्या मुलाच्या खटल्यात फोर्डला १२ कोटी ५० लाख डॉलरचा दंडात्मक भुर्दंड ठोठावला. न्यायाधीशांनी तो ३५ लाखांवर आणला, तोच पुढे अपिलात कायम झाला. त्याच वर्षी पंधरा लाख गाड्या परत बोलावल्या गेल्या. दुरुस्ती काय केली? टाकी आणि डिफरन्शियलच्या मध्ये प्लॅस्टिकची एक ढाल, आणि भरायची नळी थोडी लांब, चांगल्या सीलची. एवढंच.

मिस्टरांना मात्र मी फोर्डपेक्षा जनरल मोटर्सचं प्रकरण वाचायला सांगेन, कारण ते क्वालिटीवाल्याचं प्रकरण आहे. कोबाल्ट, आयन वगैरे गाड्यांच्या इग्निशन स्विचमधली स्प्रिंग-पिन कमकुवत होती. जड किल्लीचा जुडगा हलला किंवा गुडघा लागला, की किल्ली ‘रन’वरून ‘ॲक्सेसरी’वर सरकायची. इंजिन बंद, पॉवर स्टीअरिंग बंद, आणि मुख्य म्हणजे एअरबॅगही बंद. तक्रारी आल्यावर २००५ मध्ये उपाय सुचवले गेले. खर्च आणि लागणारा वेळ पाहता धंद्याला परवडत नाही, अशा अर्थाचा शेरा मारून फाईल मिटली. डीलरांना कळवलं, ग्राहकांना किल्लीच्या जुडग्यातलं ओझं कमी करायला सांगा. पुढे २००६ मध्ये एका अभियंत्याने स्विच मजबूत करून घेतला, पण पार्ट नंबर बदललाच नाही. ड्रॉइंग बदलायचं आणि नंबर तोच ठेवायचा! त्यामुळे जुन्या आणि नव्या गाड्यांमध्ये फरक का पडतोय, हे शोधणाऱ्यांना वर्षानुवर्षं कळलं नाही. २०१४ मध्ये २६ लाख गाड्या परत बोलावल्या. कंपनीच्याच भरपाई निधीने १२४ मृत्यू मान्य केले. दोष कळवायला उशीर केल्याबद्दल ३ कोटी ५० लाख डॉलर दंड आणि २०१५ मध्ये फौजदारी प्रकरण मिटवण्यासाठी ९० कोटी डॉलर. नवा स्विच डॉलरभराचाही नव्हता.

या प्रकरणात ‘माणसं मरू देत, पैसे वाचवा’ असा कागद कुणी लिहिला नव्हता. चालत्या गाडीत इंजिन बंद पडणं ही सुरक्षेची बाब नसून ग्राहकाच्या गैरसोयीची बाब आहे, असं वर्गीकरण पहिल्यांदा झालं आणि पुढची सगळी चौकशी त्याच खणात पडून राहिली. गैरसोय म्हटली की खर्च परवडत नाही. एअरबॅग त्याच स्विचवर अवलंबून आहे हे स्विचवाल्यांच्या ध्यानात नव्हतं, आणि एअरबॅगवाल्यांना स्विच सरकतो हे माहीत नव्हतं.

आपल्याकडे हा हिशेब आणखी वेगळा बसतो. घाटात गाडी बंद पडून दरीत गेली, तर पंचनाम्यात बहुधा ‘चालकाने हयगयीने व अविचाराने’ हेच येतं. भरपाई मोटार अपघात न्यायाधिकरणाकडून, बहुतेक वेळा विमा कंपनीच्या खिशातून. पंप बनवणाऱ्याच्या किंवा गाडी बनवणाऱ्याच्या वहीत त्या मृत्यूची नोंदच होत नाही. सुरक्षा हा बाजारात उतरलेल्या गाडीतला ऐच्छिक खर्च कसा होता, याचं ठळक उदाहरण २०१४ चं आहे : ग्लोबल एनकॅप या गाड्यांची सुरक्षा तपासणाऱ्या संस्थेने भारतातल्या पाच छोट्या गाड्यांची धडक चाचणी घेतली, पाचांनाही मोठ्या माणसांच्या सुरक्षेसाठी शून्य तारे मिळाले. त्यातली फोक्सवॅगन पोलो दोन एअरबॅग बसवून पुन्हा आपटली, तर चार तारे. चालकाची एअरबॅग इथे सक्तीची झाली ती १ जुलै २०१९ ला.

आणि आपल्या गावाची एक खास गोष्ट. कोल्हापुरात गाडी अडली असं होत नाही. उद्यमनगरात कुठल्याही पार्टला पर्याय सापडतो, टर्नरकडून बुश करून मिळतो, संध्याकाळी गाडी घरी. हे कौतुकाचंच आहे. पण अशा प्रत्येक दुरुस्तीत एक दोष कंपनीच्या नजरेआड होतो. तुमची गाडी तीनदा बंद पडली आणि कंपनीच्या संगणकात त्याची नोंद शून्य आहे. मिस्टर म्हणतात कंपनीला माहीत असणार. तुमच्या गाडीपुरतं बोलायचं तर तिला खरंच माहीत नाही, कारण कुणी लिहून दिलेलं नाही.

हे फक्त मनाच्या समाधानासाठी करायचं काम नव्हे. मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने कलम ११० अ आलं. एखाद्या मॉडेलच्या दोषाबद्दल ठरावीक प्रमाणात मालकांनी तक्रारी केल्या, की केंद्र सरकार चौकशी करून रिकॉलचा आदेश देऊ शकतं. त्याचे नियम १ एप्रिल २०२१ पासून लागू आहेत आणि सात वर्षांच्या आतल्या गाड्यांना लागतात. तुमची गाडी त्यात बसते, पण २०२७ उजाडेपर्यंत वाट पाहू नका. आदेशाने रिकॉल करावं लागलं तर दंड १० लाखांपासून १ कोटीपर्यंत. म्हणजे इथे तक्रारींची संख्या हाच हिशेबातला आकडा आहे. तक्रार नोंदवायची जागा म्हणजे परिवहन मंत्रालयाच्या ‘वाहन’ पोर्टलवरचा रिकॉल विभाग. तुमच्या गाडीचं रिकॉल निघालेलं असलं तरी तिथे नोंद करा, कारण तीनदा बंद पडण्याचा अनुभव कंपनीने किती गंभीर धरला आहे ते कुठेच दिसत नाही.

आता कामाला लागा. आर.सी.वरचा सतरा अक्षरी चासी नंबर घ्या आणि कंपनीच्या वेबसाइटवर रिकॉल किंवा सर्व्हिस कॅम्पेनच्या पानावर टाका. रिकॉल चासी नंबराला चिकटलेलं असतं, मालकाला नव्हे. तुम्ही दुसऱ्या मालक आहात, सर्व्हिस बाहेर केली आहे, वॉरंटी संपली आहे, यातलं कुठलंही कारण सांगून फुकट दुरुस्ती नाकारता येत नाही. आर.सी. तुमच्या नावावर झाली आहे ना, आणि ‘वाहन’वर मोबाइल नंबर तुमचा आहे ना, हेही पाहा, ओळखीतल्या व्यवहारात हे राहून जातं, म्हणूनच पत्र तिकडे गेलं. मालकी बदलाच्या फॉर्म २९ आणि ३० चं काम अर्धवट असेल तर आधी ताराबाई पार्कातल्या आरटीओत ते पुरं करा.

मग कंपनीच्या ग्राहक सेवेला ईमेल, प्रत डीलरला. त्यात चासी नंबर, किलोमीटर, आणि तीनही वेळच्या तारखा, जागा, वेग. ‘करूळ घाटात, चढावर, तिसऱ्या गिअरमध्ये, साधारण चाळीसच्या वेगात इंजिन पूर्ण बंद पडलं, स्टीअरिंग जड झालं, दहा मिनिटांनी सुरू झालं’ असं लिहा. सर्व्हिस ॲडव्हायझर जॉब कार्डवर, म्हणजे गाडीची तक्रार लिहितात त्या कागदावर, सवयीने ‘मिसिंग’ किंवा ‘पिकअप कमी’ लिहितो. त्यावर सही करू नका. ‘चालत्या गाडीत इंजिन बंद पडते’ असंच लिहायला लावा. जनरल मोटर्सची फाईल कुठल्या खणात गेली ते आठवा. तुमचं वाक्य ज्या खणात पडेल तिथूनच ते कंपनीत वर जाणार आहे.

पार्ट सहा आठवड्यांनी येणार, तर ते ईमेलवर लिहून घ्या आणि विचारा : सांगली, कराड किंवा बेळगावच्या अधिकृत वर्कशॉपमध्ये पंप आहे का? दुरुस्ती कंपनीच्या कुठल्याही अधिकृत ठिकाणी होते. गाडी बंद पडलेली आहे, हा सुरक्षेचा प्रश्न आहे, म्हणून आधी पार्ट द्या, अशी मागणी करा. प्रत्यक्ष बिघडलेल्या गाडीला कंपनी रांगेत पुढे घेऊ शकते.

मिस्त्रींचा बाजारातला पंप का नको? पहिलं, एकदा बाहेरचा पंप बसला की मूळ पंप कोणता होता आणि त्यात दोष होता का, याचा पुरावा गेला. दुसरं, रिकॉलमध्ये बदलायला मूळ पार्टच उरला नाही, तर वर्कशॉप हात वर करू शकतं. तिसरं, पंपाचं मॉड्युल टाकीच्या तोंडावर सीलने बसतं. चुकीचं सील म्हणजे मागच्या सीटखाली पेट्रोलची वाफ. मिस्त्रींना एवढंच विचारा, की स्कॅनर लावला होता का आणि गाडीच्या संगणकातले दोषाचे कोड पुसण्याआधी फोटो काढला होता का. काढला असेल तर तो सोन्याचा आहे. प्लग आणि बॅटरीची बिलंही शोधा. दोष पंपाचा निघाला, तर त्याआधीच्या वाया गेलेल्या दुरुस्तीचा खर्च कंपनीकडे लेखी मागता येतो. देतीलच असं नाही, पण न मागता कुणी देणार नाही.

एक गोष्ट मात्र आत्ताच तपासा, कारण कोल्हापूरच्या जुन्या गाडीत कंपनीचा पहिला बचाव तिथूनच येतो. गाडी २०२० ची, तुम्ही घेतली २०२२ मध्ये, आणि मध्ये जुलै २०२१ चा पूर आहे. ही गाडी पुराच्या पाण्यात उभी होती का? सीटबेल्ट पूर्ण बाहेर ओढा आणि तळाच्या टोकाला गाळाची रेघ आहे का बघा. धुणारे पट्टा धुतात, पण गुंडाळी पूर्ण सोडत नाहीत. सीटच्या रुळांचे बोल्ट गंजलेत का, स्टेपनीच्या खळग्यात वाळलेला चिखल आहे का, गालिचाखालच्या वायरिंगचे कनेक्टर हिरवट पडलेत का? आधीच्या मालकांना सरळ विचारा, आणि त्या वर्षीच्या विमा कंपनीकडे दावा झाला होता का तेही विचारा. पाणी गेलेलं नसेल, तर पंप उघडण्याआधीच जॉब कार्डवर ‘पाणी शिरल्याच्या खुणा नाहीत’ असं लिहून घ्या. नंतर वाद घालून हे मिळत नाही. पाणी गेलेलं असेल, तरी रिकॉलचा पंप बदलून मागा. पण मग एअरबॅगचं वायरिंगही तपासून घ्या, तो पुढचा धोका आहे. दमटपणाचा विषय निघालाच आहे म्हणून : घरात किंवा नात्यात २०१५ आधीची गाडी असेल, तर तिचाही चासी नंबर टाकून पाहा. ताकाता या जपानी कंपनीच्या एअरबॅगमधलं अमोनियम नायट्रेट उष्ण, दमट हवेत वर्षानुवर्षं राहून बिघडतं आणि एअरबॅग उघडताना धातूचा डबा फुटून तुकडे माणसाला लागतात. कोकणात असलेल्या गाड्यांसाठी हे विशेष.

डीलर टोलवाटोलवी करायला लागला, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५. तिथून कंपनीकडे तक्रार जाते आणि बरीच प्रकरणं तिथेच मिटतात. नाही मिटलं तर कोल्हापूरचा जिल्हा ग्राहक आयोग. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ प्रमाणे तुम्ही राहता त्याच जिल्ह्यात तक्रार करता येते, कंपनीचं ऑफिस कुठेही असो. मोबदला, म्हणजे वस्तूसाठी मोजलेली किंमत, ५० लाखांपर्यंत असेल तर जिल्हा आयोग. ५ लाखांपर्यंत फी नाही, ५ ते १० लाखांना २०० रुपये. मुदत दोन वर्षांची, म्हणून पहिल्यांदा गाडी बंद पडल्याची तारीख जपा. दोष आहे की नाही हा वाद झाला, तर आयोग पार्ट प्रयोगशाळेत पाठवू शकतो. याच कायद्यात उत्पादकाचं दायित्व हे वेगळं प्रकरण आहे, पण ते माणसाला इजा झाली किंवा दुसऱ्या मालमत्तेचं नुकसान झालं तर. खुद्द गाडीचा बिघाड त्यात धरत नाहीत. पंपाच्या खर्चासाठी ‘सदोष वस्तू आणि सेवेतील त्रुटी’ असाच दावा करा, नाहीतर पहिल्याच तारखेला अडकाल.

पंप बदलायच्या दिवशी मिस्टरांना बरोबर न्या. जुना पंप कंपनीकडे परत जातो, तो ठेवून घेता येत नाही. बाहेर काढला की त्याच्यावरचा पार्ट नंबर आणि बॅचचा फोटो काढा, आणि नव्याचाही. दोन्ही नंबर वेगळे आहेत ना, हे पाहायला फौंड्रीतल्या माणसाइतका योग्य माणूस नाही. नंबर तोच दिसला, तर सुधारित पार्ट कोणता याचं कंपनीचं पत्रक दाखवायला सांगा. शून्य रुपयांचं बिल, त्यावर कॅम्पेनचा कोड आणि नवा पार्ट नंबर घेतल्याशिवाय गेटपास घेऊ नका. सील नीट बसलं आहे का, ते टाकी फुल्ल करून बघतात. अर्ध्या टाकीवर गळती दिसत नाही. दोन दिवसांनी मागची सीट उचलून वास घ्या. आठवड्याने वेबसाइटवर चासी नंबर पुन्हा टाका आणि रिकॉल पूर्ण झाल्याचं तिथे दिसतंय का पाहा. दिसलं नाही तर डीलरने काम नोंदवलेलं नाही. त्याच जॉब कार्डची प्रत जोडून ईमेल करा.

त्यानंतर पहिल्या पंधरा दिवसांत घाटात जाऊ नका. रंकाळा, विद्यापीठ, कळंबा अशा गावातल्याच फेऱ्यांत, दुपारच्या उन्हात, एसी लावून गाडी पुरेशी तापू द्या. या परिस्थितीत ती पुन्हा बंद पडली, तर दोष फक्त पंपात नव्हता, आणि मग आम्हाला स्कॅनरच्या फोटोसह परत लिहा.